उंच पायांचं खुराडं

माझ्या नावाने आमच्या घरात एकदा एक खुराडं आलं. तोवर गावात कुणी तयार खुराडं विकत आणलं नव्हतं. कोंबड्या रात्री बांबूच्या डालग्याखाली झाकायच्या, वर एक दगड ठेवायचा, एवढीच त्यांची सोय. आमच्या परड्यात मात्र पत्र्याच्या छपराचं, जाळीच्या दाराचं, अंडी काढायला बाजूला झाकणाची पेटी असलेलं लाकडी खुराडं उभं राहिलं, आणि ते शेवंतीचं आहे, म्हणजे माझं आहे, हे नानांपासून पाणक्यापर्यंत सगळ्यांना माहीत होतं. ते माझं नाही हे फक्त तिघांना ठाऊक होतं. दादाला, वहिनीला, आणि जरा उशिराने मला.

आमचं घर कुंडलच्या अलीकडे, रानात जायच्या वाटेवर होतं. पुढे सोपा, मध्ये माजघर, मागे परडं. सोप्यावर नाना, म्हणजे माझे वडील, बसायचे आणि तिथून सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात खोकायचे. त्यांच्या खोकण्यावरून आईला कळायचं की चहा हवा आहे की माणूस आलंय. आईच्या गळ्यात तुळशीची माळ होती, त्यामुळे अंडं किंवा मटण उंबऱ्याच्या आत येत नसे. त्यासाठी परड्यात शेवग्याखाली वेगळी चूल, वेगळा तवा आणि दोन काळी पडलेली भांडी होती. ती भांडी सुद्धा तिथेच खुंटीला टांगलेली असत. उसाच्या दिवसांत गुऱ्हाळावरचा गोड वास परड्यात भरून राहायचा आणि त्याच वासात चुलीवर तेलात फुटलेलं अंडं चरचरायचं. ते तसं अंडं, वर तिखट-मीठ आणि जोंधळ्याची गरम भाकरी, हे मी पुढे कितीदा करून पाहिलं. माझ्या सुना गॅसवर करतात आणि छान झालंय म्हणतात. मी वरून तिखट मागून घेते.

दादा पलटणीत होता. माझ्यापेक्षा पुष्कळच मोठा, त्यामुळे आमची भांडणं कधी झालीच नाहीत. तो रजेवर आला की त्याची लोखंडी ट्रंक सोप्यावर ठेवायची आणि तिचं कुलूप मी काढायचं, हा रिवाज होता. वरच माझ्यासाठी काहीतरी असायचं. कधी रिबन, कधी बिस्किटाचा रंगीत डबा, एकदा तर पितळेची शिट्टी होती, ती आईने दुसऱ्या दिवशी लपवून ठेवली. नाना म्हणायचे, "पोरीला लय चढवून ठेवलीस रं." दादा हसायचा. ते हसणं माझ्या वाटचं होतं, असं मी धरूनच चालले होते.

मग लढाई संपली, दादाचं लग्न झालं आणि जतकडची वहिनी आली. उंच होती, काळीसावळी, आणि चालायची अशी ताठ की डोक्यावर घागर नसतानाही असल्यासारखी वाटायची. तिकडे पाऊस कमी, पाण्याला लांब जावं लागतं, म्हणून बायका अशा चालतात, असं आई कौतुकाने शेजारणीला सांगायची. मला ते कौतुक आवडलं नाही. वहिनीने माहेराहून पाटीत घालून एक काळी कोंबडी आणली होती. तिला ती करी म्हणायची. कानडीत काळीला करी म्हणतात. माझी एक ठिपक्याठिपक्यांची कवडी कोंबडी होती, मी पिल्लापासून वाढवलेली. आम्ही कोंबड्यांना टी टी टी करून बोलवायचो. वहिनी "बा, बा" म्हणायची, अगदी हळू, माणसाला घरात ये म्हणावं तसं. थोड्याच दिवसांत माझी कवडी माझ्या टी टी कडे मान वाकडी करून बघायची आणि वहिनीच्या बा बा कडे पळत जायची. मी तिला एकदा पकडून माजघरात कोंडली. आईने माळेची शपथ घालून ती बाहेर काढायला लावली.

आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण माझ्या नातींना ती खरी वाटत नाही. आमच्या घरात नवऱ्याने बायकोसाठी उघड काही आणायचं नाही, अशी रीत होती. नाव घ्यायचं नाही, वडीलधाऱ्यांसमोर तिच्याशी बोलायचं नाही, तिला काय हवं हे विचारायचं तर मुळीच नाही. लुगडं आणलं तरी ते आईच्या हातात द्यायचं; आई म्हणणार, "घे गं, मी आणाय सांगितलं हुतं." दादाने पहिल्या रजेत असंच एक हिरवं लुगडं आणलं होतं. आई मनाची मोठी, तिने लगेच वहिनीला दिलं. पण कोंबडीचं काय करणार? माळकरी आईच्या नावाने कोंबडीसाठी काही आणता येत नव्हतं.

त्याच्या पुढच्या रजेत करीची पिल्लं मुंगसाने नेली. डालग्यावरचा दगड सरकला होता. सकाळी परड्यात नुसती पिसं होती आणि करी डालग्याभोवती फिरत होती. वहिनीने पिसं झाडून उकिरड्यावर टाकली, चूल पेटवली आणि धुराने डोळ्यांत पाणी येतं तसं पाणी तिच्या डोळ्यांत आलं. फक्त त्या दिवशी चुलीला धूर नव्हता. दादा तेव्हा परड्यात दात घासत होता. तो बराच वेळ दात घासत राहिला. दुपारी जेवायला बसल्यावर तो ताटाकडे बघत म्हणाला, "नाना, शेवंतीच्या कोंबडीला खुराडं आणावं म्हणतो. माधवनगरला तयार मिळत्यात."

"कोंबडीला बंगला?" नाना म्हणाले.

"मुंगूस हाय. आज हिच्या वैनीची... आज करीची पिल्लं नेली, उद्या शेवंतीची कवडी नेईल."

"मग आण. न्हाईतर ही पोरगी घर डोक्यावर घेईल."

माझा घास हातातच राहिला. माझी कवडी, माझ्यासाठी बंगला, आणि वहिनी तिथेच भाकरी वाढत होती, तिच्या देखत. मी तिच्याकडे बघितलं. तिने माझ्या ताटात अर्धी भाकरी जास्त टाकली. मला वाटलं, जळली.

दादा मला बरोबर घेऊन गेला. स्टेशनापर्यंत बैलगाडी आणि पुढे रेल्वे. खिडकीची जागा त्याने मला दिली. माधवनगरला गिरणीच्या भिंतीला लागून एका मिस्त्रीचं दुकान होतं. गिरणीत सुताच्या आणि सामानाच्या ज्या लाकडी पेट्या येत, त्या तो घ्यायचा आणि फळ्या सोडवून पाट, स्टुलं, खुराडी करायचा. फळ्यांवर काळी इंग्रजी अक्षरं तशीच असायची. दुकानापुढे तीन खुराडी मांडली होती. एक हिरव्या रंगाचं, बुटकं, दाराला कमान, वर छोटं शिखर काढलेलं. ते बघूनच माझा जीव त्याच्यात गेला. दुसरं लांबलचक, डझनभर कोंबड्यांचं. आणि तिसरं बिनरंगी, उंच पायांवर उभं, मचाणासारखं.

"दादा, ह्ये हिरवं."

"बुटकं हाय. मुंगूस शिरंल." त्याने तिसऱ्याचं झाकण उघडलं, मिटलं, बिजागऱ्या बघितल्या, आतली कोंबड्यांनी बसायची दांडी हलवून बघितली. मग तो त्याच्या शेजारी उभा राहिला, तळहात आडवा केला आणि आपल्या शर्टाच्या एका बटणापाशी धरला. "झाकण ह्या उंचीवर पायजे. हे चार बोटं खाली येतंय. पाय बदलून द्याल का?"

मिस्त्रीने त्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कोंबड्या ह्या बाळीच्या म्हणता. हिचा हात तिथवर कुठला पोचतोय?"

"वाढंल ती," दादा म्हणाला.

मिस्त्रीने मिशीत हसून पाय बदलून द्यायचं कबूल केलं. आम्ही तेवढ्यात बाजारात जाऊन आलो. दादाने मला भजी आणि सोड्याची बाटली घेऊन दिली. बाटलीतली गोळी खाली गेली तशी मी हिरवं खुराडं विसरले. लहान माणसाला विसरायला लावणं इतकं सोपं असतं, याचा मला अजून राग येतो.

खुराडं सुट्या भागांत आलं. चार बाजू, तळ, छप्पर, पाय, आणि एका चिंधीत बांधलेले बोल्ट. गार्डाच्या डब्यातून उतरवून गाडीत घातलं तेव्हा गाडीवान म्हणाला, "देव्हारा आणला काय?" मी म्हटलं, "माझं खुराडं हाय." वाटेत जो भेटेल त्याला मी हे सांगत आले. नानांनी सुचवलं की गोठ्यालगत मांडा. मला ते पुढच्या दारी हवं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. दादाने दोघांचं ऐकून घेतलं आणि परड्यात शेवग्याखाली, बाहेरच्या चुलीपासून दोन हातांवर जागा साफ केली. पूर्वेकडून ऊन येतं, पावसाचं झोडपत नाही, अशी कारणं त्याने दिली, आणि ती खरीही होती. पलटणीत तंबू ठोकणारा माणूस, त्याने जमीन चोपून सपाट केली, पाय उभे केले, तळ थोडा उतरता ठेवला म्हणजे धुतल्यावर पाणी निघून जाईल. बोल्ट मी एकेक करून त्याच्या हातात देत होते. मुंग्या चढू नयेत म्हणून प्रत्येक पायाखाली पाण्याची वाटी ठेवली. वहिनी तवा घासत बसली होती, पाठमोरी. एवढा वेळ एक तवा घासायला लागत नाही.

सगळं झाल्यावर मी अंड्यांच्या पेटीचं झाकण उघडायला गेले. टाचा उंचावल्या. बोटं नुसती झाकणाच्या कडेला लागली. उडी मारली तेव्हा झाकण थोडं उचललं गेलं आणि आपटलं. आत कवडी ओरडली. तेवढ्यात वहिनी घासलेला तवा घेऊन उठली, खुंटीकडे जाता जाता तिने दुसरा हात सहज उचलला आणि झाकण उघडलं. वाकली नाही, टाच उचलली नाही, चालता चालता आपल्या घरचं दार लोटावं तसं. मी तिथे उभी होते आणि मला दादाचा तो आडवा तळहात दिसला. त्याच्या शर्टाचं ते बटण आणि वहिनीचा तो हात. त्याने लग्नानंतर किती दिवस घरात काढले असतील? देवाच्या पाया पडताना शेजारी उभे राहिले असतील तेवढेच उजेडात. तरी तिची उंची त्याला बोटांपर्यंत पाठ होती, आणि मी त्याच्या खांद्यावर बसून जत्रा बघत मोठी झाले, तरी माझी त्याने मोजलीही नव्हती.

जळणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मी रडले असते तर कुणीतरी समजूत घातली असती. मी रडले नाही. मी सोप्यावर गेले, नानांच्या पायाशी बसले आणि सरळ सांगितलं, "नाना, दादाला त्या खुराड्याचं पाय कापाय सांगा. माझा हात पोचत न्हाई."

मला पक्कं माहीत होतं की दादाला नाही म्हणता येणार नाही. काय सांगणार तो नानांना?

नाना उठून परड्यात आले. खुराड्याभोवती एक फेरी मारली. "काय रं, पोरीसाठी आणलंस आणि पोरीलाच पुरंना? काप की हातभर."

"मुंगूस शिरंल, नाना."

"मुंगूस काय पायांचं माप घेऊन येतंय व्हय? काप म्हनलं ना."

दादा करवत आणायला गेला. नेहमी तो एखादी वस्तू आणायला गेला की लगेच यायचा. त्या दिवशी करवत सापडायला फार वेळ लागला. आला तेव्हा माझ्याकडे बघितलं नाही. पाण्याची वाटी बाजूला केली, पायावर कोळशाने रेघ मारली आणि गुडघ्यावर बसून करवत लावली. लाकूड चांगलं होतं. पहिल्या दोन-चार ओढींतच भुसा पडायला लागला. त्या भुशाचा वास मला अजून ओळखता येईल. मला आनंद होत होता, आणि त्याच वेळी वाटत होतं की दादाने हात थांबवावा आणि म्हणावं, शेवे, हे तुझं नाही. एवढं म्हणाला असता तर मी भांडले असते, रडले असते, पण मग निदान ते भांडण माझ्याशी झालं असतं.

वहिनी दारात आली. पदर पुढे ओढलेला. सासऱ्यासमोर, नवऱ्यासमोर बोलायची सोय नव्हती, म्हणून ती माझ्याशी बोलली, पण आवाज सगळ्यांना ऐकू जाईल एवढा.

"वन्सं, पाय कशाला कापता? तुमी वाढताय की. आज कापलं तर पुढं वाकावं लागंल तुमास्नी, ते बी जलमभर. तवर मी दगूड आणून देते उभं ऱ्हायाला."

करवत थांबली. नाना माझ्याकडे बघून हसले. "ह्ये बराबर बोलली. पोरगी वाढती हाय. ठेव रं करवत."

वाढंल ती. माधवनगरला, गिरणीच्या भिंतीजवळ, दादा हेच म्हणाला होता. तिथे वहिनी नव्हती. त्याने तिला सांगितलं असेल की तिला आपोआप सुचलं, हे मला कधीच कळलं नाही, आणि दोन्हींपैकी काय जास्त लागेल हेही ठरवता आलं नाही. पायाला बोटभर खाच पडली होती, ती तशीच राहिली. वहिनीने ओढ्यावरून एक चपटा दगड आणला, स्वतः डोक्यावर घेऊन, आणि झाकणाखाली नीट बसवून दिला. हलत नाही ना, म्हणून स्वतः त्यावर उभी राहून बघितलं.

त्या दगडाचा मी पुरेपूर उपयोग केला. संध्याकाळी कोंबड्या कोंडायची वेळ, हीच एक वेळ होती जेव्हा दादा आणि वहिनी परड्यात एकत्र असायचे. तो अंडं खायला चुलीपाशी बसायचा, ती तव्यावर फोडायची, मग कोंबड्या मोजायला म्हणून दोघं खुराड्याजवळ उभी राहायची. त्या वेळी मी दगडावर जाऊन बसायची. माझं खुराडं, माझा दगड, मला ऊठ कोण म्हणणार? रजा संपेपर्यंत मी एक संध्याकाळ चुकवली नाही. दोघं माझ्या डोक्यावरून कोंबड्यांविषयी बोलायची. "करी आत गेली का?" "गेली." "कवडी?" "ती बी गेली." एवढंच. मी कान देऊन ऐकायची आणि मला त्यात काही सापडायचं नाही. तरी दोघांचे चेहरे असे असायचे की जणू पुष्कळ काही बोलून झालंय. मग दादा पलटणीत परत गेला. ट्रंक बांधताना त्याने मला विचारलं, "पुढच्या टायमाला काय आणू?" मी म्हटलं, "काय बी नको." तो हसला, पण ते माझ्या वाटचं हसणं नव्हतं.

दादा लांब गेल्यावर वहिनी खुराडं रोज झाडायची, वाट्यांतलं पाणी बदलायची, पावसाळ्याआधी लाकडाला तेल लावायची. कुणी आलं की आई सांगायची, "शेवंतीचं खुराडं, पर राबती ही." वहिनी मान हलवायची. मी वाट बघत होते. एकदा, कधीतरी, भांडणात का होईना, ती म्हणेल की हे माझं आहे, माझ्यासाठी आणलंय. मी तिला तशी संधी पुष्कळ दिली. "माझ्या खुराड्याला हात लावू नगा" इथपर्यंत म्हणून बघितलं. ती म्हणाली, "बरं वन्सं," आणि हात धुऊन भाकरी करायला गेली. मी मुद्दाम दोन दिवस झाडलं नाही, तिसऱ्या दिवशी नाक धरून मीच झाडलं.

आणि मी वाढले. एका सकाळी अंडं काढून घरात आले तेव्हा लक्षात आलं की मी दगडावर चढलेच नव्हते. परत गेले, जमिनीवर उभी राहिले, हात उचलला. झाकण उघडलं. आईने ते मागून पाहिलं असणार, कारण त्याच महिन्यात माझ्या लग्नाची बोलणी सुरू झाली.

सासर साताऱ्याकडे, कोरेगावच्या अंगाला मिळालं. पाठवणीच्या दिवशी भांडी, गादी, ट्रंक असं सगळं गाडीत भरत होते. नाना म्हणाले, "आणि पोरीचं खुराडं? ते कशाला ठेवताय? सोडवा ते, घाला गाडीत." दादाला रजा मिळाली नव्हती. आई गडबडली, तिने वहिनीकडे बघितलं. आईला ठाऊक होतं का? असावं. आया असल्या गोष्टी वासावरून ओळखतात. वहिनीने पाना मागून घेतला आणि स्वतः बोल्ट सोडवले. कुणाला हात लावू दिला नाही. करी तेव्हा म्हातारी झाली होती, तिला तिने उचलून डालग्याखाली ठेवलं. बोल्ट तेलात बुडवून पुसले, चिंधीत बांधले आणि माझ्या ओटीत ठेवले. "हरवू नगा वन्सं. चार पायांचं, आठ बाजूंचं." मी म्हटलं, "वैनी, ठेवून जाऊ का?" खरंच म्हटलं. फक्त हो म्हणायची देरी होती. तिने माझ्या कपाळावरची मुंडावळी नीट केली. "तुमचं तुमी न्या की," ती म्हणाली.

मी नेलं. का नेऊ नये? सगळं गाव माझं म्हणत होतं. सासरी मालकांनी ते उभं केलं आणि त्या खाचेवर बोट फिरवून विचारलं, "ह्ये काय झालंय?" मी म्हटलं, मुंगूस. झाकण उघडायला हात उचलला तर तंतोतंत पुरलं, जणू माझंच माप घेऊन केलेलं. त्या घरात मी पुष्कळ वर्षं कमरेत न वाकता अंडी काढली आणि प्रत्येक वेळी मला कुणाचं तरी दार उघडल्यासारखं वाटलं.

आता दादा नाही, नाना नाहीत, आई नाही. खुराडं कधीच चुलीत गेलं. वहिनी सांगलीला नातवाकडे असते, तिला कमी दिसतं. गेल्या उन्हाळ्यात मी भेटायला गेले. नातसून चहा ठेवून आत गेली, आम्ही दोघीच होतो. मी म्हटलं, "वैनी, आता काय कुणाचं भ्या न्हाई. एकदा तरी खरं सांगा. ते खुराडं कुणाचं हुतं?"

ती हसली. दात नाहीत, पण पदर तसाच पुढे. "तुमचंच की वन्सं. त्येंनी तुमच्यासाठीच आणलं हुतं."

असं म्हणता म्हणता तिचा उजवा हात मांडीवरून उठला आणि हवेत एका उंचीवर जाऊन थांबला, बोटं जराशी वाकवून, झाकण उचलताना असतात तशी. तिचं तिकडे लक्षही नव्हतं. मी माझा चहा उचलला, आणि खोटं कशाला सांगू, एवढ्या वयात मला तिचा हेवा वाटला.